प्रमिलाताईंच्या नावावरची दुसरी नोंद

ती चूक माझी होती. ताईंनी मला सरळ विचारलं होतं, आणि मी नाही म्हणालो होतो.

एवढंच असतं तर गोष्ट ऑफिसातच संपली असती. चूक निस्तरली गेली, कोणाचं कायमचं नुकसान झालं नाही. पण प्रमिलाताई ढगे यांनी ती चूक आपली मानली आणि तिच्यावरून स्वतःच्या डोक्याचा निकाल लावला. ज्या डोक्यावर त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा, ते आता साथ सोडू लागलंय असं त्या समजून चालल्या. मी तसं समजू दिलं.

त्यामुळे त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहायचा मला अधिकार आहे का, असं लिहिताना वाटत राहतं. पण त्यांच्याबद्दल दुसरं काही लिहिताच येत नाही.

आमची शिक्षण संस्था अमरावतीची. इथे दोन कॉलेजं, मुलांचं एक वसतिगृह, आणि अकोल्याला एक कॉलेज. या सगळ्यांचे कॉम्प्युटर आणि इंटरनेट सांभाळणाऱ्या विभागात आम्ही दोघंच. ताई प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. संस्थेने आपला कारभार भाड्याच्या क्लाऊडवर नेला तेव्हा त्याच्यासोबत डीएनएस फायरवॉल आली. कुठल्या वेबसाइटवर जाऊ द्यायचं आणि कुठल्या नाही, हे त्या फायरवॉलला नावांच्या याद्या करून सांगावं लागतं. त्या याद्या करणं ताईंनी आपल्याकडे घेतलं. मला ते काम कंटाळवाणं वाटायचं. ताई मात्र त्यात रमायच्या.

सुरुवातीला संस्थेच्या सचिवांनी त्यांना बोलावून विचारलं होतं, "मॅडम, ही फायरवॉल म्हणजे नेमकी असते कुठे? दाखवा तरी."

"दाखवाले काही नाही साहेब," ताई म्हणाल्या. त्या सचिवांशीही वऱ्हाडीतच बोलत. "कॉम्प्युटर कुठंबी जायच्या आधी पत्ता विचारते. अमक्याचं घर कुठी हाय म्हून. आपून त्या पत्ता सांगणाऱ्यापाशी जाऊन बसाचं. चांगल्या घरचं नाव घेतलं तं सांगाचं, सरळ जाय. वंगाळ घरचं घेतलं तं म्हणाचं, या नावाचं इथं कोणी राहातच नाही बाप्पा."

"म्हणजे आपण खोटं बोलायचं?"

"हो. रोज. अन् तुमच्या सहीनं."

सचिव हसले आणि त्यांनी सही केली.

ताई ठेंगण्या, रुंद बांध्याच्या. सुती साडी, आणि पायात खेळाडू घालतात तसले बूट, कारण कॉलेजच्या तिन्ही मजल्यांवर त्या दिवसातून अनेकदा चढत-उतरत. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. अमरावतीत राजापेठेला एक खोली होती, आणि अकोल्याबाहेर भावाचा फुलांचा मळा. शनिवारी संध्याकाळी त्या बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जात आणि सोमवारी सकाळी शेवंतीने भरलेली पिशवी घेऊन परत येत. फुलं देवासाठी नसत. प्रत्येकाच्या टेबलावर एक मूठ पडायची, आणि शेवटची मूठ सर्व्हरच्या कपाटावर.

"ताई, त्याला ओल लागेल," मी म्हणायचो.

"त्याच्यात आता काय उरलं हाय? सारं तं क्लाऊडवर गेलं. रिटायर माणसाले फुलं दिलेली चालतात."

याद्यांचं काम माउसनेही करता येतं. रंगीत पान उघडतं, त्यावर बटणं असतात. ताई तिकडे फिरकत नसत. त्यांचं सगळं काळ्या स्क्रीनवर, कमांड टाइप करून. यादी तयार करायची एक कमांड, तिच्यात नावं घालायची दुसरी, ती यादी नियमाला जोडायची तिसरी. एवढं टाइप काहून करता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "माउसनं केलेलं काम कोणाले वाचून दाखवता येत नाही."

आणि त्या खरंच वाचत. कमांड लिहून झाली की दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायच्या आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत ओठांतल्या ओठांत सगळी ओळ म्हणायच्या. मग एंटर. मग यादी पुन्हा मागवून, घातलेलं नाव तिच्यात बसलं की नाही, ते पाहायच्या. मी कमांड लिहून लगेच एंटर मारला की त्या चिडवायच्या, "सुधीर, तू भाजीत मीठ टाकल्यावर चव पाहातं, का वाढल्यावर?"

इतर लोक याद्यांना ब्लॉक एक, ब्लॉक दोन अशी नावं देतात. ताईंनी दिलेली नावं रोमन अक्षरांत पण अस्सल वऱ्हाडी होती. 'सट्टा पत्ता'. 'नकली बँक'. 'खोटी नोकरी'. ज्यांना नेहमी जाऊ द्यायचं त्यांची एकच मोठी यादी, 'पोट्ट्यायच्या कामाचे', म्हणजे पोरांच्या कामाचे. पुण्याहून तपासणीला आलेल्या इंजिनिअरला हसू आवरेना. "मॅडम, जरा प्रोफेशनल नावं द्या ना."

"सर, मी उद्या मेली तं माह्या जागी येणाऱ्याले वाचल्याबरोबर समजलं पाहिजे याच्यात काय हाय. ब्लॉक दोन म्हटलं तं तो कोणाले विचारन? मले?"

जी यादी एखाद्या नियमाला जोडलेली असते, ती पुसायला गेलं तर क्लाऊड नकार देतो. आधी नियमातून सोडवा, मग पुसा, असं म्हणतो. या नकाराचं ताईंना फार कौतुक. "पाह्य, कामावर असलेल्याले काढू देत नाही हा. आपल्या संचालक मंडळाले याच्याकडे शिकवणीले पाठवा लागते."

नवी यादी केली की त्या ती लगेच अडवायला लावत नसत. आठवडाभर नुसती पाहत ठेवायच्या. त्यातलं एखादं नाव कोणी विचारलं की नोंद होते, पण माणूस अडत नाही. ते पाहून मग दार लावायचं. मला हा वेळकाढूपणा वाटायचा. एकदा 'खोटी नोकरी'मध्ये रेल्वेत भरती करून देतो म्हणणारी एक नवी साइट घातली, आणि पहिल्याच दिवशी दिसलं की आमच्याच लायब्ररीतल्या एका कॉम्प्युटरवरून कोणीतरी ती सारखी उघडतंय. मी म्हणालो, बंद करून टाका, विषय संपला. ताई उठल्या आणि मलाही उठवलं.

लायब्ररीचे शिपाई रमेश तायडे जेवणाच्या सुटीत त्या कॉम्प्युटरसमोर बसून फॉर्म भरत होते. ताई स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या.

"कोणासाठी हाय, रमेशभाऊ?"

"पोरीसाठी, मॅडम. बारावी झाली. म्हटलं लागली तं लागली."

"हे तुमाले कोणं सांगतलं?"

"साळ्यानं पाठोलं मोबाईलवर."

"साळ्याच्या घरी पोरगी हाय काय?"

"हाय ना."

"तिचा भरला त्यानं?"

तायड्यांनी माउसवरचा हात काढला. "म्हणजे खोटं हाय काय हे, मॅडम?"

"खोटं हाय. मी सांजच्याले बंद करून राहिली. पण तुमाले न सांगता बंद केलं असतं तं तुमी म्हटलं असतं, कॉलेजनं माह्या पोरीची नोकरी घालोली. अन् घरी जाऊन मोबाईलवर भरलं असतं."

मग दोघांनी मिळून रेल्वेची खरी साइट शोधली. ती आमच्याच एका नियमात चुकून अडकल्याने त्या कॉम्प्युटरवर उघडेना, म्हणून ताईंनी तिचं नाव 'पोट्ट्यायच्या कामाचे'मध्ये घातलं. जिना चढताना मी म्हणालो, एका माणसापायी आपला अर्धा तास गेला. जिन्यात मधेच थांबून ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचा जिना मी खाली मान घालून चढलो.

दुसरी आठवण अन्सारी सरांची. ते अचलपूरच्या उर्दू शाळेत गणित शिकवतात. फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर त्यांनी आपले धडे टाकले होते, आणि उर्दू माध्यमातून आमच्याकडे आलेली मुलं ते पाहत. त्याच साइटच्या छपराखाली कोणीतरी परीक्षेच्या खोट्या निकालाचं पान उघडलं. नावाआधी चांदणीचं (*) चिन्ह लावलं की त्या नावाखालची सगळी घरं एकदम बंद होतात. मी चांदणी लावून कमांड लिहिली आणि मोठ्या हौसेने ताईंना दाखवली.

"एका भाडेकऱ्यानं चोरी केली म्हून सारी चाळ पेटवतं काय?" असं म्हणून त्यांनी चांदणी खोडली आणि त्या एकाच पानाचं पूर्ण नाव लिहिलं. मग शंका नको म्हणून अचलपूरला फोन लावला.

"सर, तुमच्या साइटचं नाव एकदा अक्षर अन् अक्षर सांगा बरं."

अन्सारी सरांनी सांगितलं. "काहून मॅडम, क्या हुआ?"

"काही नाही. तुमच्या शेजारी एक चोर राहाले आला. त्याले हाकलून राहिलो."

"या अल्ला. माहं सामान तं ठीक हाय ना?"

"तुमचं काय चोरन तो, सर? वर्गमुळं?"

पलीकडून अन्सारी सरांचं हसणं सगळ्या खोलीत ऐकू आलं. पुढच्या आठवड्यात अचलपूरहून एसटीने येणाऱ्या एका मुलाच्या हाती त्यांनी ताईंसाठी घरचा शिरखुर्मा पाठवला. ताईंनी तो सगळ्यांना वाटला आणि डबा घासून, शेवंतीने भरून परत धाडला.

आता त्यांच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण तिथूनच पुढचं सगळं आहे.

अकोल्याच्या कॉलेजात नवी लॅब लावायची होती म्हणून मी ताईंबरोबर गेलो होतो. दुपारचं जेवण त्यांच्या भावाकडे होतं. ओसरीत खाटेवर आई बसली होती. गोरी, नीटनेटकी, केसांत फूल. तिला काही आठवत नसे. ताई पाणी घेऊन गेल्या, तर तिने विचारलं, "तू कोणाची वं?"

"तुहीच."

"माही? मले तं पोरगी नाही."

"आता झाली ना."

म्हातारी खूश झाली. थोड्या वेळाने ताई पुन्हा समोर आल्या, पुन्हा तोच प्रश्न. आमचं जेवण होईस्तोवर हे किती वेळा झालं कोण जाणे. दर वेळी ताईंचं उत्तर तेच आणि दर वेळी म्हातारीचा आनंद नवा. मी पुढ्यातली भाकरी तशीच ठेवली. ताई मात्र वहिनींकडून पातोडीची आमटी मागून घेत होत्या.

परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, "आईचं कसं सुरू झालं, माहीत हाय? एका दिवशी तिनं दुधाले दोनदा विरजण लावलं. पहिलं लावलेलं आठवत होतं. दुसरं लावल्याचं आठवतच नव्हतं. म्हणे, मी नाही लावलं. आमी सारे हासलो."

मग खिडकीकडे तोंड करून बसल्या. त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणताय, मी विचारलं.

"स्टेशनं. बोरगाव, काटेपूर्णा, मूर्तिजापूर, माना, कुरुम. जाताना सरळ म्हणाचे, येताना उलटे. जवापर्यंत जमते तवापर्यंत आपून चांगले."

हे मला माहीत होतं. पुढे जे केलं ते हे माहीत असताना केलं.

अकोल्याच्या कॉलेजात ऑनलाइन परीक्षा होणार होत्या. परीक्षेच्या वेळी लॅबमधून फक्त 'पोट्ट्यायच्या कामाचे' या यादीतली नावं उघडायची आणि बाकी सगळं बंद, अशी ताईंची रचना. यादी त्यांनी वर्षानुवर्षं जमवलेली. परीक्षेचं एक पान उघडायला मागे कितीतरी नावं लागतात, चित्रं एकीकडून येतात, अक्षरं दुसरीकडून. ती सगळी शोधून शोधून घातलेली. सराव परीक्षेच्या आदल्या दुपारी ताईंनी त्यात एक नवं नाव घातलं आणि त्या प्राचार्यांकडे गेल्या. तेवढ्यात आम्हा दोघांच्या सामाईक मेलवर अकोल्याहून निरोप आला की परीक्षा घेणाऱ्या कंपनीने आपली काही नावं बदलली आहेत. नवी नावं सोबत होती.

यादी बदलायच्या कमांडमध्ये काय करायचं ते एका शब्दात सांगावं लागतं. ॲड म्हणजे घाला. रिमूव्ह म्हणजे काढा. रिप्लेस म्हणजे बदला. नावं बदलली आहेत, म्हणून मी रिप्लेस लिहिलं. मला वाटलं, जुन्या नावांच्या जागी ही नवी बसतील. रिप्लेसचा अर्थ तो नाही. रिप्लेस म्हणजे सगळी यादी रिकामी करून दिलेली नावं तेवढी ठेवायची. मी वाचलं नाही, तपासलं नाही. संध्याकाळी बायकोच्या माहेरी जायचं होतं. "काही असलं तं मले दाखव, मंग मार," अशी ताईंची एकच अट होती. ताई यायच्या आत मी एंटर मारला.

कमांड देणारा कोण हे क्लाऊडला कळायला एक गुप्त किल्ली लागते; माझ्यासाठी वेगळी घ्यायची तर सचिवांची मंजुरी लागणार होती. ती येईपर्यंत ताईंनी आपलीच किल्ली माझ्या मशीनवर घालून दिली होती. त्यामुळे क्लाऊडच्या नोंदीत माझी कमांडही प्रमिला ढगे या नावाने गेली.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या लॅबमध्ये मुलं बसली आणि एकाही स्क्रीनवर काही उघडेना. ताई तिथेच होत्या. त्यांचा मला फोन आला. "सुधीर, यादी साफ रिकामी हाय रे. नुसती एवढीशी नावं उरली," आणि त्यांनी ती वाचून दाखवली. माझी नावं होती. मला त्याच क्षणी कळलं. मी म्हणालो, "असं कसं झालं?"

त्यांनी आपल्याकडची जुनी प्रत वापरून तासाभरात यादी पुन्हा उभी केली. पण तोवर मुलांना घरी पाठवलं होतं, पालकांचे फोन सुरू झाले होते, आणि सचिवांनी पुढच्या दिवशी आम्हाला बोलावलं.

त्या खोलीत चहा आला. सचिव अजून यायचे होते. ताईंनी नोंदीचा छापील कागद समोर धरला. नोंदीतली वेळ इंग्लंडची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. ते त्यांनी क्षणात मिळवले. एवढं चोख चाललेलं डोकं मी समोर पाहत होतो.

"माह्या नावावर दोन नोंदी हायेत, पाच-सहा मिनिटायच्या फरकानं," त्या हळूच म्हणाल्या. "पहिली मले आठवते. दुसरी मी केल्याचं आठवतच नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "सुधीर, तू काही केलं होतं काय रे परवा?"

माझी नेमणूक तात्पुरती होती. दरवर्षी नवी सही लागे, आणि त्या वर्षीची सही अजून व्हायची होती. हे मी कारण म्हणून सांगतो, पण सांगताना ते सबबीसारखंच ऐकू येतं.

"नाही ताई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मान हलवली, कागदाची घडी घातली, आणि सचिव आल्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, चूक माही हाय. ॲडच्या जागी रिप्लेस टाकल्या गेलं." सचिव फारसं बोलले नाहीत. काळजी घ्या, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी आवरताना त्या माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "आईचंबी असंच सुरू झालं होतं."

तेव्हा तरी बोलायचं होतं. तेव्हा बोललो असतो तर त्या रागावल्या असत्या, दोन दिवस माझ्या टेबलावर फुलं पडली नसती, आणि तिसऱ्या दिवशी पडली असती. उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. जितका उशीर होत गेला तितकं आधी का नाही सांगितलंस, या प्रश्नाला उत्तर उरलं नाही.

ताई बदलल्या. कमांड वाचून झाली तरी एंटर मारेनात. मला हाक मारायच्या, "सुधीर, पाह्य बरं, बरोबर लिहिलं काय मी?" मी शेजारी जाऊन बसायचो आणि सांगायचो, बरोबर आहे ताई. दर वेळी बरोबरच असायचं. त्यांच्या कामात चूक काढता येईल असं मला काही येत नव्हतं, आणि त्या माझ्याकडे पास-नापास विचारणाऱ्या मुलीसारख्या पाहायच्या. मग त्यांनी चालू याद्यांना हात लावणं सोडलं. मग, निवृत्तीला अवकाश असताना, राजीनामा दिला. निरोप समारंभात मला जवळ बोलावून म्हणाल्या, "कोणाचं नुकसान व्हायच्या आधी उठलेलं बरं." त्यांच्या जागेवर मी बसलो. माझी नेमणूक कायम झाली.

त्यांच्या आई वारल्या तेव्हा मी अकोल्याला गेलो होतो, पण गर्दी होती. त्यानंतर फोन करायचो, दिवाळीला, गुढीपाडव्याला. ताई चौकशी करायच्या, अन्सारी सरांची, तायड्यांच्या मुलीची. सगळं त्यांच्या लक्षात असायचं. बोलून झालं की म्हणायच्या, "काही चुकीचं बोलली असन तं सांगत जाय."

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या वहिनींचा फोन आला.

"सुधीरभाऊ, ताईले डॉक्टरकडे नेऊन राहिलो. डोक्याच्या. मोठ्या मिनतवारीनं तयार झाली ती. आता डॉक्टर विचारते, हे विसरणं कवापासून सुरू झालं? आमाले तं घरी काही दिसत नाही. ताई म्हणते, ऑफिसात सुरू झालं, सुधीरच्या समोर. तं म्हटलं तुमीच सांगा, काय काय झालं होतं तवा. लिहून न्या लागते."

"मी येतो," मी म्हणालो. "फोनवर नाही सांगत."

रविवारी सकाळच्या गाडीने गेलो. मळ्यात टिनाच्या शेडखाली ताई गोणपाटावर बसून गलांड्याची फुलं निवडत होत्या. केस पांढरे झाले होते. पायात तेच बूट. शेडच्या कोपऱ्यात त्यांची स्कूटी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली दिसली. मी तिकडे पाहतोय हे पाहून म्हणाल्या, "बंद केली चालोनं. एखाद्या दिवशी रस्ताच नाही आठवला तं?"

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मी गोणपाटाच्या कडेला बसलो आणि जे सांगायचं ते सांगितलं. मी वाक्यं ठरवून गेलो होतो. ती सगळी विसरलो आणि नुसतं म्हणालो, "ताई, ती दुसरी नोंद माही होती. तुमच्या किल्लीनं मी केलं होतं. तुमी विचारलं तवा मी खोटं बोललो."

त्यांचे हात थांबले. मग आमच्या जुन्या खोलीत विचारायच्या तशा आवाजात विचारलं, "रिप्लेस तू टाकलं होतं?"

"हो."

"काहून?"

"नावं बदलली म्हून. मले वाटलं तेवढीच बदलतीन."

"अन् माही कमांड? पहिली?"

"बरोबर होती. ॲडच होती. तुमी एकच दिली होती, तुमाले एकच आठवत होती."

त्यांनी ओंजळीतली फुलं खाली ठेवली. रागावतील म्हणून मी मान खाली घातली. "मी रोज सकाळी उठली का पहिले आपलं नाव घेऊन पाहात होती रे," त्या म्हणाल्या. "डोये उघडाच्या आधी. नाव आठवलं का मंग उठत होती. एवढे दिवस."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"थांब. मले एकटीले नको सांगू." आणि घराकडे वळून मोठ्याने हाक मारली, "वहिनी, चहा राहू द्या. इकडे या. दादालेबी बोलवा."

वहिनी पदराला हात पुसत आल्या. दादा विहिरीकडून आले, हातात खुरपं तसंच. काय झालं, म्हणून दोघं ताईंकडे पाहू लागले. ताई गोणपाटावरून उठल्या, साडीवरच्या पाकळ्या झटकल्या, आणि मला म्हणाल्या, "आता सांग. सारं सांग."

मी उभा राहिलो. "दादा, वहिनी, डॉक्टरले सांगाले माह्यापाशी काही नाही. ताई काहीच विसरल्या नव्हत्या. ऑफिसातली ती चूक मी केली होती. त्याइनं मले विचारलं, अन् मी माही नोकरी वाचवाले नाही म्हटलं. त्या दिवसापासून त्याइचं डोकं बिघडलं म्हून त्या समजून राहिल्या, अन् मले खरं माहीत असून मी गप्प बसलो. ताई, माहं चुकलं. मले माफ करा."